पोट मोठे, बाळ बारीक

गर्भवती स्त्रीच्या पोटावर टेप धरून जघनास्थीच्या वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजावे, आणि ते जितके सेंटिमीटर भरेल तितकेच साधारणतः गर्भाचे आठवडे आहेत की नाहीत हे ताडून पाहावे, ही रीत इतकी सोपी, इतकी बिनखर्चाची आणि विसाव्या आठवड्यानंतर बहुधा इतकी विश्वसनीय आहे, की उपकेंद्रातील नर्सबाईंपासून वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांपर्यंत सर्वांचा तिच्यावर भरवसा असतो, आणि तो असावा हे योग्यच आहे. अंतर कमी भरले तर बाळाची वाढ खुंटली असावी, जास्त भरले तर जुळे असावे, गर्भजल वाढले असावे किंवा पाळीची तारीख चुकली असावी, अशी शंका घ्यावयाची आणि स्त्रीला सोनोग्राफीसाठी पाठवावयाचे, हा शिरस्ता. परंतु असेही एक दुखणे आहे, की ज्यात बाळ खुंटलेले असते आणि त्याच वेळी त्याच्या भोवतीचे पाणी वाढलेले असते. एकाची उणीव दुसऱ्याच्या आधिक्यात जिरून जाते आणि टेपवरचा आकडा बरोबर येतो. बाहेरून तपासणाऱ्या हाताला या दोन विकृती एकमेकींच्या आड दडून चकवतात. आतून पाहणाऱ्या डोळ्यापुढे मात्र त्याच एकमेकींविरुद्ध साक्ष देतात. ही साक्ष कशी वाचावी, आणि वाचल्यानंतर वैद्याने ती कोणाला, किती आणि कशी सांगावी, याविषयी मिरजेतील माझ्या दीर्घ व्यवसायात जे उमगले ते येथे लिहीत आहे.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजल हे मुख्यतः बाळाच्या मूत्राचेच बनलेले असते. बाळ ते गिळते, आतड्यांतून शोषून घेते, त्यातला काही भाग वारेवाटे आईच्या रक्तात जातो, आणि बाळाची मूत्रपिंडे नवे पाणी सोडीत राहतात. हे येणेजाणे रात्रंदिवस चालू असूनही एकूण साठा आश्चर्यकारक रीतीने स्थिर राहतो, चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास ८०० मिलिलिटरच्या आसपास. बाळाची वाढ खुंटते तेव्हा त्याचे नेहमीचे कारण म्हणजे वारेतून होणारा अपुरा रक्तपुरवठा. अशा टंचाईत बाळ आपल्याकडचे रक्त मेंदू, हृदय आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्याकडे वळवते, मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येते, मूत्र घटते आणि पाणी आटते. म्हणून खुंटलेल्या बाळाभोवती पाणी कमी असणे हाच नियम होय. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रिया पुष्कळशा जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या अवर्षणाच्या तालुक्यांतल्या. त्यांच्या घरच्यांना मी शिवारातलाच दाखला देत असे. पाऊस नसला की पीकही खुरटते आणि विहीरही तळाला जाते. पण पीक खुरटलेले आणि विहीर मात्र काठोकाठ भरलेली दिसली, तर दोष पावसाचा नव्हे, तो बियाण्यात किंवा मुळांत शोधावा लागतो.

हा दोष पुष्कळदा बियाण्याचाच, म्हणजे गुणसूत्रांचा निघतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे स्वीडनमधील लुंड येथून त्यो आणि लेव्हान यांनी १९५६ साली जाहीर केले, १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील गाठी आणि गर्भ पाहण्याविषयीचा आपला निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला, आणि १९६० साली त्याच नियतकालिकात जॉन एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अर्भकाची हकीकत दिली, ज्याच्या पेशींत एक गुणसूत्र अधिक होते. अठराव्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन असणे, असे त्या विकाराचे स्वरूप पुढे निश्चित झाले, आणि आज त्याला एडवर्ड्स सिंड्रोम किंवा ट्रायसोमी १८ म्हणतात. चार वर्षांच्या आत लागलेले हे शोध आमच्या काळोख्या खोलीतल्या पडद्यावर एकत्र येतात. या बाळाची वाढ मुळापासूनच मंद असते, त्याला वार कितीही चांगली मिळो. आणि मेंदूच्या वा अन्ननलिकेच्या दोषामुळे त्याला नीट गिळता येत नाही, म्हणून पाणी साचत जाते. हृदयाच्या पडद्याला छिद्र, नाळेत दोनऐवजी एकच रोहिणी, कधी पोटाबाहेर आलेली आतडी, लहान हनुवटी, आणि हात. त्या हातांविषयी पुढे लिहिते.

एका दुपारी जतकडून एक तरुणी आली. वय चोविशीच्या आसपास, पहिली मुलगी तीन वर्षांची, हे दुसरे गर्भारपण, तिसावा आठवडा. तक्रार एवढीच, की आडवे झाले की दम लागतो. कार्डावर प्रत्येक महिन्याचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन काळजीपूर्वक नोंदलेले होते, आणि गर्भाशयाची उंची तर आठवड्यांशी तंतोतंत जुळत होती; नोंद करणाऱ्या नर्सबाईंकडे बोट दाखवण्यास तिळभरही जागा नव्हती. बरोबर नवरा आणि सासूबाई. मी मापे घेतली. डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी यांवरून यंत्राने बाळाचे वजन सुमारे ९०० ग्रॅम दाखवले. या वयाला ते दीड किलोच्या आसपास असावयास हवे. मग पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येकातला पाण्याचा सर्वांत खोल कप्पा मोजला. बेरीज ३१ सेंटिमीटर झाली, जी २४ च्या वर गेली की पाणी वाढले असे आम्ही म्हणतो. सासूबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या, सुनेच्या पोटाकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, पोट तर केवढं आलंय, मग बाळ बारीक कसं?”

या दुखण्याचे सारे मर्म त्या एका प्रश्नात होते, आणि एखाद्या परीक्षकाने विद्यार्थ्याला याहून नेमका प्रश्न विचारला नसता. मी उत्तर लगेच दिले नाही, कारण मला हात पाहावयाचा होता. निरोगी गर्भ मूठ मिटतो आणि उघडतो. क्षणभर पाच बोटे पंख्यासारखी पसरतात आणि पुन्हा मिटतात, आणि सोनोग्राफी करणाऱ्याला दिवसाकाठी दिसणाऱ्या दृश्यांपैकी ते सर्वांत आनंददायक असे माझे मत आहे. येथे उजवा हात मुठीत मिटलेला होता. तर्जनी मधल्या बोटावर चढलेली, करंगळी अनामिकेवर चढलेली. मी थांबले. आईला कुशीवर वळवले, पोटाला हलकासा धक्का दिला, बाळाने पाय झाडले, डोके फिरवले, डावा हात चेहऱ्यापाशी आणला. त्याचीही बोटे तशीच. मूठ उघडली नाही. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात छिद्र होते, आणि तळपायाची टाच मागे उतरलेली होती. त्या स्त्रीचे डोळे माझ्या चेहऱ्यावर खिळलेले होते. सोनोग्राफीच्या टेबलावरील स्त्रीला पडद्यावरचे काही कळत नाही असे जे समजतात त्यांनी एकदा तिच्याकडे पाहावे. ती पडदा वाचत नाही, डॉक्टरचा चेहरा वाचते, आणि तो वाचण्यात ती क्वचितच चुकते.

आमच्याकडील एक रूढ पद्धत अशी, की काही विपरीत आढळले म्हणजे स्त्रीला टेबलावर तसेच निजवून ठेवावयाचे, नवऱ्याला आणि सासऱ्याला बाहेर बोलावून हलक्या आवाजात काय ते सांगावयाचे, आणि तिला ‘थोडं पाणी वाढलंय, गोळ्या देऊ’ एवढे सांगून घरी पाठवावयाचे. या पद्धतीमागे क्रूरता नसते. तिचे मन दुखावू नये अशी खरीखुरी करुणाही पुष्कळांच्या ठायी असते. परंतु मी या पद्धतीच्या सर्वथा विरुद्ध आहे. ज्या देहात ही गोष्ट घडत आहे त्या देहाच्या मालकिणीला ती सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी कळावी, यात मला कोणतेही औचित्य दिसत नाही. शिवाय तिला ती कळतेच. फक्त वैद्याच्या तोंडून व्यवस्थित कळण्याऐवजी जावेच्या तोंडून अर्धवट कळते, आणि अर्धवट हकिकतीत उरलेली जागा अपराधाने भरून निघते. म्हणून मी पोटावरची जेली पुसते, तिला उठून बसू देते, पदर सावरू देते, आणि मग तिच्याशी बोलते. घरचे बरोबर असोत, पण बोलणे तिच्याशी.

मी तिला सांगितले की बाळ त्याच्या वयाच्या मानाने फार लहान आहे, पाणी जास्त आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा त्यामागे बहुधा बाळाच्या घडणीतलाच दोष असतो. हाताची बोटे आणि हृदय पाहून मला एका विशिष्ट विकाराची दाट शंका आहे. खात्री करावयाची तर पाणी तपासावे लागेल. तिने विचारले, “त्याला दुखतंय का?” या प्रश्नाचे उत्तर वैद्यकातही एकमताने दिलेले नाही. मी म्हणाले, बाळ तडफडत असल्याचे मला काही दिसत नाही. मला जे दिसते तेवढेच मी सांगू शकते. तिने मान हलवली. नवऱ्याने नंतर आडून आडून, मुलगा असता तर काही वेगळे करता आले असते का, असे सुचवले. त्याला मी उत्तर दिले नाही, आणि देणारही नव्हते. महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. आमच्या दाराबाहेर तसा फलक आहे, प्रत्येक तपासणीचा ‘एफ’ नमुना भरून दप्तर दोन वर्षे जतन करावे लागते, आणि गुणसूत्रांच्या अहवालातही लिंग सांगितले जात नाही. हे बंधन मला कधीही जाचक वाटलेले नाही. उलट, ज्या पडद्यावरची एक गोष्ट मुळीच सांगायची नाही असा कायद्याचा हुकूम आहे, त्याच पडद्यावरच्या बाकीच्या गोष्टी पूर्णपणे सांगण्याचे दायित्व त्यामुळे अधिकच वाढते, असे मी मानते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो सहकाऱ्यांनीही मला बोलून दाखवला आहे. तिसाव्या आठवड्यात खात्री करून काय साधणार? त्या वेळी १९७१ चा गर्भपाताचा कायदा जुन्याच रूपात अमलात होता. आईच्या जिवाला तत्काळ धोका असल्याखेरीज वीस आठवड्यांपुढे परवानगी नव्हती. २००८ साली, मुदत उलटल्यावर बाळाच्या हृदयातला दोष समजलेल्या एका दांपत्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने नामंजूर केला, आणि त्या निकालानंतर हा प्रश्न घरोघर चर्चिला गेला. परंतु कायदा बदलण्यास २०२१ साल उजाडावे लागले. आता गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ चोविसाव्या आठवड्यानंतरही मंजुरी देऊ शकते. हा बदल फार उशिरा झाला. अठराव्या-विसाव्या आठवड्याची तपासणी खेड्यातल्या स्त्रीपर्यंत पोहोचवायची व्यवस्था नव्हती, आणि मुदत मात्र विसाव्याच आठवड्याला संपत असे, या दोहोंच्या कात्रीत किती स्त्रिया सापडल्या, त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

तरीही खात्री करून घ्यावी, असेच माझे मत तेव्हाही होते. प्रत्येक वेळी निघणारे उत्तर ट्रायसोमी १८ हेच असते असे नाही. याच मिरजेत दुसऱ्या एका स्त्रीच्या बाबतीत बाळ लहान होते, पाणी वाढलेले होते, आणि जठराचा काळा बुडबुडा वारंवार शोधूनही दिसत नव्हता. पण मूठ उघडत होती आणि गुणसूत्रे निर्दोष निघाली. अन्ननलिका मध्येच तुटलेली असल्याने बाळ पाणी गिळू शकत नव्हते, आणि गिळलेल्या पाण्यातून मिळणाऱ्या पोषणालाही थोडेफार मुकत होते. या दोषावर मिशिगनमधील कॅमेरून हाइट यांनी १९४१ साली पहिली यशस्वी सांधणी केली, आणि आज नवजात अर्भकांची शस्त्रक्रिया जेथे होते तेथे ती नेहमीची झाली आहे. त्या स्त्रीला आम्ही आधीच मोठ्या शहरात पाठवले. बाळंतपण तेथे झाले, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, आणि ते मूल वाचले. तपासले नसते तर पहिलेच दूध श्वासनलिकेत गेले असते.

जतच्या त्या स्त्रीने घरच्यांशी बोलून आठवड्याने तपासणीस संमती दिली. तोवर खर्चाची तजवीज करावी लागली होती, आणि दम इतका वाढला होता की ती रात्री उशांना टेकून बसून काढीत होती. म्हणून एकाच सुईत दोन कामे साधली. प्रथम तपासणीसाठी लागणारे थोडे पाणी वेगळ्या नळ्यांत घेतले, आणि मग तीच सुई तशीच ठेवून सावकाश, घाई न करता, दीड लिटरच्या आसपास पाणी काढले. घाई केली तर वार सुटण्याची भीती असते. बाटली फिकट पिवळ्या, नितळ पाण्याने भरत गेली आणि तिच्या बरगड्यांवरचा ताण उतरत गेला. त्या रात्री ती आडवी झोपली. शीघ्र तपासणीचा निकाल काही दिवसांत आला, आणि पेशी वाढवून केलेल्या संपूर्ण तपासणीचा त्यानंतर: अठराव्या गुणसूत्राच्या तीन प्रती.

यानंतरचे आमचे बोलणे दीर्घ झाले. अशी बाळे पुष्कळदा पोटातच जातात. जिवंत जन्मली तर बहुतेक पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत जातात. शंभरात पाच ते दहा वर्ष पूर्ण करतात, आणि थोडी त्यापुढेही जगतात, हे मी काहीही वगळता सांगितले. बाळंतपण सुरू झाल्यावर केवळ बाळाचे ठोके मंदावले म्हणून पोट कापावयाचे नाही, कारण त्याने बाळाचे नशीब बदलणार नाही आणि आईच्या पोटावर मात्र पुढच्या प्रत्येक गर्भारपणाला पुरेल असा व्रण राहील, हे ठरले. बाळाला नळ्या आणि यंत्रे लावावयाची की आईजवळ द्यावयाचे, हेही आधी ठरले, आणि ते तिने ठरवले. “माझ्याजवळ द्या,” ती म्हणाली. मी ते कागदावर लिहून घेतले, कारण मध्यरात्री कामावर असणाऱ्या डॉक्टरला आपले बोलणे ठाऊक नसते, आणि अशा वेळी न लिहिलेला निर्णय टिकत नाही. या आधी ठरवण्याला मी निदानाइतकेच महत्त्व देते. वाढलेल्या पाण्यामुळे कळा लवकर सुरू होतात, पाणमोट फुटताच नाळ खाली सरकू शकते, आणि ताणून सैल झालेले गर्भाशय नंतर आवळत नाही, म्हणून रक्तस्राव होतो. हे धोके आईचे, आणि त्यांची तयारी निदान असल्याशिवाय कोण करणार?

छत्तिसाव्या आठवड्यात कळा आल्या. रक्त चढवण्याची व्यवस्था आधीच होती. इंजेक्शने देऊन, पोट चोळून रक्तस्राव आवरला. मुलगा झाला. वजन सव्वा किलोच्या थोडे वर. तो क्षीण रडला. नर्सने त्याला कोरडे करून, टोपडे घालून आईच्या छातीशी दिला. सासूबाईंनी त्याची मूठ हळूच उलगडण्याचा प्रयत्न केला, बोटे सोडताच ती पुन्हा तशीच मिटली. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जगला. त्याची थोरली बहीण येऊन त्याला पाहून गेली, हा माझ्या आग्रहाचा भाग होता.

जो जीव श्वास घेऊन गेला त्याची नोंद कायद्याप्रमाणे दोनदा व्हावी लागते, एकदा जन्माची आणि एकदा मृत्यूची, आणि दोन्ही एकवीस दिवसांच्या आत. बापाने दोन्ही अर्ज एकाच वेळी भरून दिले. कारकुनाने काही न विचारता दोन्ही दाखले तयार केले, असे त्याने मला नंतर सांगितले, आणि ते सांगताना त्याच्या आवाजात त्या कारकुनाविषयी कृतज्ञता होती.

घरी जाण्यापूर्वी सासूबाई माझ्या खोलीत आल्या. सून बरोबर नव्हती. ग्रहणाच्या दिवशी सुनेने विळीवर भाजी चिरली होती, आपण तिला बजावलेही होते, गावात आता लोक तेच म्हणतील, आणि खरे काय ते मी सांगावे, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना बसवले आणि सांगितले की हे ग्रहण कोणत्याही महिन्यात येवो, तिसरी प्रत त्याच्या कितीतरी आधी, बहुधा स्त्रीबीज पक्व होतानाच्या विभाजनात, शिरलेली असते. आईने काय खाल्ले, काय चिरले, किती ओझे उचलले याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. वय वाढते तसा हा धोका वाढतो हे खरे, परंतु तो कोणत्याही वयाच्या आईला चुकलेला नाही. पुढच्या खेपेस पुन्हा हेच होण्याचा संभव शंभरात एक किंवा त्याहूनही कमी. तरी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात तपासणी करावी. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “हे लिहून द्या बाई. मराठीत.”

रुग्णालयाच्या कागदावर मी सुवाच्य अक्षरात लिहिले, की बाळाच्या शरीरातील दोष गर्भ राहतेवेळीच उत्पन्न झालेला होता, तो आईच्या वा घरातील अन्य कोणाच्या कोणत्याही कृतीमुळे अथवा हयगयीमुळे झालेला नाही, आईची प्रकृती उत्तम आहे आणि तिला पुढे निरोगी मूल होण्यास कोणतीही बाधा नाही. खाली सही केली आणि शिक्का उमटवला. एक प्रत दप्तराला लावली. मूळ प्रत मी सुनेच्या फाइलमध्ये घालू लागले, तेव्हा सासूबाईंनी ती मागून घेतली. विचारणारे लोक सुनेकडे नव्हे, आपल्याकडेच येतील, आणि त्यांना दाखवायला कागद आपल्याजवळ हवा, असे त्या म्हणाल्या.